नाखुशी म्हणजे नकार नव्हे आणि घृणा तर नव्हेच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी एका परदेशी अस्थिशल्यविशारदांच्या मुलाखतीचा मराठी अनुवाद प्रसिद्ध झाला होता. 'ऐंशी ओलांडलेल्या रुग्णावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करण्याची मला घृणा वाटते,' असे एक वाक्य त्यात त्या डॉक्टरांच्या तोंडी आले आहे. ते वाचून मी थबकले. त्याच्या आधीच्याच परिच्छेदात हे गृहस्थ शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री म्हाताऱ्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांच्याशी गप्पा मारतात, असे लिहिले होते. अशा माणसाला म्हाताऱ्या माणसांची घृणा कशी वाटेल, हे काही केल्या उमगेना. मूळ इंग्रजी मुलाखत शोधून वाचली तेव्हा उलगडा झाला. मूळ वाक्याची सुरुवात 'आय अ‍ॅम लोथ टू' अशी होती. 'लोथ' म्हणजे नाखूश, मन न घेणारा, आणि 'लोद' म्हणजे घृणा करणे, तिटकारा वाटणे. अनुवाद करणाऱ्यांनी पहिल्या शब्दाच्या जागी दुसरा वाचला, आणि ज्या वाक्यातून त्या डॉक्टरांची कणव दिसायला हवी होती त्याच वाक्यामुळे ते मराठी वाचकांपुढे निर्दय ठरले.

चूक एका अक्षराची आहे आणि ती कोणाच्याही हातून होऊ शकते, हे मला मान्य आहे. पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या मुलींच्या शाळेत ३१ वर्षे इंग्रजी शिकवताना ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये पाहिली आहे की, तिच्याबद्दल कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. परंतु त्या निमित्ताने अनिच्छा सांगणारे इंग्रजी शब्द आणि त्यांच्यासाठी आपण वृत्तपत्रांत वापरतो ते मराठी शब्द यांविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण हा गोंधळ एका पुरवणीपुरता राहिलेला नाही.

आधी उच्चाराचे पाहू. 'लोथ'चे स्पेलिंग एल-ओ-ए-टी-एच असे आहे, आणि 'लोद'मध्ये त्याच अक्षरांच्या शेवटी एक ई जास्त येतो. हा ई स्वतः उच्चारला जात नाही, पण आपल्या आधीच्या ध्वनीला घोष, म्हणजे गळ्यातली थरथर, देतो. 'ब्रेथ' म्हणजे श्वास आणि 'ब्रीद' म्हणजे श्वास घेणे, 'बाथ' म्हणजे स्नान आणि 'बेद' म्हणजे स्नान करणे किंवा घालणे, 'क्लॉथ' म्हणजे कापड आणि 'क्लोद' म्हणजे कपडे घालणे, या जोड्यांमध्ये जे घडते तेच येथेही घडते: ई नसताना नाम किंवा विशेषण, ई असताना क्रियापद. इंग्रजांचा हा ध्वनी जिभेचे टोक दातांच्या मध्ये आणून काढलेला असतो, त्यामुळे आपला थ किंवा द म्हणजे नेमका तोच ध्वनी नव्हे. पण अघोष आणि घोष यांतला जो फरक इंग्रजीला तेथे दाखवायचा आहे, तो मराठी मुलांना वर्णमालेतूनच ठाऊक असतो. वर्गात मी मुलींना गळ्यावर दोन बोटे हलकेच टेकवायला सांगत असे आणि आधी 'लोथ', मग 'लोद' म्हणायला लावत असे. दुसऱ्या शब्दाच्या शेवटी बोटांना जी थरथर जाणवते ती पहिल्याच्या शेवटी जाणवत नाही. ज्या मुलींच्या बोटांना ती थरथर एकदा कळली, त्या सहसा पुन्हा चुकल्या नाहीत. काही अमेरिकी शब्दकोश 'लोथ'चाही उच्चार द-कारान्त देतात, आणि ब्रिटनमध्ये हा शब्द मधला ए गाळूनही लिहिलेला आढळतो. तरीही शिकणाऱ्याने दोन शब्द, दोन स्पेलिंगे आणि दोन उच्चार वेगळे ठेवावेत, हेच मी शिकवत आले.

व्याकरणाची खूण तर याहूनही सोपी आहे. 'लोथ' हे विशेषण असल्यामुळे त्याच्याआधी 'अ‍ॅम', 'इज', 'वॉज' असे काहीतरी लागते आणि त्याच्यापुढे 'टू' घेऊन दुसरे क्रियापद येते. जवळजवळ त्याच अर्थाचे 'रिलक्टंट' हे विशेषण नामाच्या आधीही लावता येते, 'लोथ' मात्र तसे लावत नाहीत. 'लोद' हे सकर्मक क्रियापद आहे. त्याला ज्याची घृणा वाटते ते कर्म लागते, आणि 'अ‍ॅम' किंवा 'इज' यांच्यापुढे ते जसेच्या तसे उभे राहू शकत नाही. संगणकातला स्पेलिंग तपासणारा प्रोग्रॅम ही चूक अनेकदा पकडत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी शुद्धच आहेत.

यावरून माझ्या भाचीचा प्रसंग सांगते. हिंजवडीतल्या एका कंपनीत ती सहा वर्षे नोकरीला होती. माझे मेहुणे आजारी पडल्यामुळे तिला नोकरी सोडून नाशिकला जाणे भाग पडले. राजीनाम्याचे इंग्रजी पत्र तिने रात्री घाईघाईत लिहून पाठवले आणि दोन दिवसांनी माझ्याकडे कोथरूडला आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. 'मावशी, मी काय चुकीचं लिहिलंय ते बघ ना,' असे म्हणून तिने पत्र माझ्यापुढे ठेवले. हे सहकारी सोडून जाताना पाय निघत नाही, असे तिला म्हणायचे होते आणि तिने लिहिले होते, 'आय लोद टू लीव्ह धिस टीम.' वाक्य व्याकरणात बसत नव्हतेच. पण वाचणाऱ्या वरिष्ठांच्या डोळ्यांत त्यातला घृणा सांगणारा तो एकच शब्द भरला होता. टीममधल्या कोणाविषयी काही तक्रार आहे का, असे त्यांनी तिला बाजूला बोलावून विचारले होते. सहा वर्षांचा जिव्हाळा एका जादा ई-मुळे तक्रार ठरला, याचे तिला फार वाईट वाटत होते. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून चार ओळींचे खुलाशाचे पत्र लिहिले. त्यात आम्ही 'लोथ' वापरलाच नाही, सरळ 'मला जाताना वाईट वाटते आहे' अशा अर्थाचे साधे इंग्रजी वाक्य घातले.

हे दोन शब्द इतके सारखे का, याचे कारण ते एकाच घरातले आहेत. जुन्या इंग्रजीत 'लाथ' असे एक विशेषण होते (आपल्या लाथेशी त्याचा संबंध नाही) आणि त्याचा अर्थ द्वेष्य, शत्रुवत, नकोसा असा होता. त्याचे जर्मन भावंड 'लाइट' म्हणजे दुःख. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे पहिले पुस्तक शिकलेल्या कोणालाही 'एस टूट मीर लाइट', म्हणजे 'मला वाईट वाटते', हे वाक्य आठवेल; त्यातला 'लाइट' तो हाच. फ्रेंचमधला कुरूप या अर्थाचा 'ले' हा शब्दही याच जर्मानिक मुळापासून आला आहे. इंग्रजीत मात्र काळाच्या ओघात या कुळाच्या दोन शाखा झाल्या. क्रियापदाने आणि त्याच्यापासून झालेल्या 'लोदसम' या विशेषणाने मूळचा द्वेष आणि किळस जपून ठेवली, आणि 'लोथ' निवळत निवळत 'अमुक करणे मला नकोसे वाटते' इथपर्यंत आला. आज 'लोथ' म्हणणारा माणूस कोणाचाही द्वेष करत नसतो. उलट, पुष्कळदा तो प्रेमापोटीच नाखूश असतो, हे माझ्या भाचीच्या वाक्यावरून दिसतेच.

'लोथ'पेक्षा वृत्तपत्रांत कितीतरी अधिक वेळा येणारा शब्द 'रिलक्टंट' हा आहे, आणि माझ्या मते अधिक नुकसान त्याच्या भाषांतरात होते. हा शब्द लॅटिनमधून आला. 'लुक्टारी' म्हणजे कुस्ती करणे, झुंजणे, आणि 'रि' म्हणजे विरुद्ध. पेठांमधल्या जुन्या तालमी पाहत वाढलेल्या पुणेकराला हे चित्र लगेच दिसेल: प्रतिस्पर्धी ओढतो आहे आणि पैलवान हौद्यातल्या मातीत पाय रोवून अंग मागे रेटतो आहे. तो आखाडा सोडून गेलेला नाही आणि चीतही झालेला नाही. तो रेटतो आहे. सतराव्या शतकात इंग्रज कवी मिल्टनने आपल्या महाकाव्यात धुरातून वर येऊ पाहणाऱ्या ज्वाळांना हेच विशेषण लावले, ते झुंजणाऱ्या ज्वाळा या अर्थाने. पुढे ही झुंज बाहेरची न राहता मनातली झाली. 'रिलक्टंटली' एखादी गोष्ट केली असे इंग्रजीत म्हटले, तर ती गोष्ट झालेली असते, हे यातले सर्वांत महत्त्वाचे. मनाने मागे रेटले आणि तरीही हाताने केले, असा त्याचा अर्थ आहे.

विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा शब्द वेगळ्या वाटेने भेटतो. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८८ साली चुंबकीय मंडलासाठी 'रिलक्टन्स' ही संज्ञा योजली. विद्युत मंडलात जसा विजेच्या प्रवाहाला अडवणारा रोध, तसा चुंबकीय मंडलात चुंबकीय प्रवाहाला अडवणारा रिलक्टन्स. लोखंडाच्या गाभ्यात तो कमी असतो आणि मध्ये हवेची फट ठेवली की एकदम वाढतो. वाढतो म्हणजे काय होते? तितक्याच जोराने रेटलेला चुंबकीय प्रवाह कमी होतो, पण थांबत नाही. फटीतूनही तो जातोच. शब्दाची निवड किती अचूक होती, हे मला एका माजी विद्यार्थिनीने वहीत आकृती काढून समजावून दिले तेव्हा कळले. ती त्या वेळी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. हवेची फट ही भिंत नव्हे, हे तिचे वाक्य मी तेव्हापासून भाषेच्या संदर्भातही वापरते.

आता आपल्या बातम्यांकडे वळू. एखादी मध्यवर्ती बँक व्याजदर कमी करण्यास 'रिलक्टंट' आहे, असे इंग्रजी वृत्तसंस्था लिहितात आणि मराठीत मथळा येतो, 'व्याजदर कपातीस नकार'. गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या वाचकाला या दोन वाक्यांतला फरक शब्दकोशापुरता नसतो. नकार म्हणजे निर्णय झाला. 'रिलक्टंट' म्हणजे निर्णय व्हायचा आहे, कल प्रतिकूल आहे आणि परिस्थिती बदलली तर बँक राजीही होईल. पुढच्या महिन्यात खरोखरच कपात झाली, तर मराठी वाचकाला वाटते की बँकेने शब्द फिरवला, आणि इंग्रजी वाचकाला त्यात काहीच विसंगत वाटत नाही. दोन देशांतल्या वाटाघाटी, पक्षांतल्या युत्या, कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यातली बोलणी, या सर्वांच्या बातम्यांत हेच घडते. 'राजी नाही', 'तयार नाही', 'नकार' हे तीन शब्द आपण हाताशी ठेवले आहेत आणि मनाच्या सगळ्या अवस्था त्यांत कोंबतो.

न्यायालयाच्या बातम्यांत तर याची झळ माणसांना लागते. साक्षीदार न्यायालयात यायला कचरतो, बोलताना अडखळतो, अर्धे सांगतो आणि अर्धे गिळतो. इंग्रजीत त्याला 'रिलक्टंट विटनेस' म्हणतात. पोलिसांना दिलेला जबाब तो न्यायालयात फिरवतो, तेव्हा इंग्रजीत त्याला 'हॉस्टाइल' म्हणतात आणि मराठीत 'फितूर'. या दोन अवस्था एक नव्हेत, तरी बातमीत पुष्कळदा पहिल्यालाही दुसरा शब्द लावला जातो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १५४ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १५७ मध्ये, साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षालाच त्याला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते, असे म्हटले आहे. 'हॉस्टाइल' हा शब्द त्या कलमात नाही. फितूर या मराठी शब्दात तर किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणाऱ्याचा कलंक आहे. ज्याच्या घरावर रात्री दगड पडले, ज्याच्या मुलीला रस्त्यात अडवले, तो साक्षीदार कचरला तर तो भेदरलेला असतो, फितूर नसतो. साक्षीदारांना संरक्षण देण्याची जी योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केली, तिच्या मुळाशी हीच जाणीव आहे. अशा माणसासाठी 'कचरणारा साक्षीदार' असे सरळ लिहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मराठीत यासाठी शब्द नाहीत, असे कोणी म्हणेल तर ते मला मुळीच पटणार नाही. शब्द इतके आहेत की निवड करावी लागते, आणि निवड करायची तर आधी विचारावे लागते: नाखुशी कशाची आणि कशापायी? इंग्रजी 'रिलक्टंट' कारण सांगत नाही. मराठी वाक्प्रचार मात्र बहुतेक वेळा ते सांगूनच टाकतो. भीतीपोटी असेल तर मन धजावत नाही. मायेपोटी असेल तर पाय निघत नाही. आळसापोटी किंवा थकव्यापोटी असेल तर जिवावर येते. द्यायचे असेल तर हात आखडतो, कठोर बोलायचे असेल तर जीभ रेटत नाही. अभिमान आड येत असेल तर कमीपणा वाटतो, भीड आड येत असेल तर संकोच वाटतो. परिणाम नीट जोखून थांबलेला माणूस मागेपुढे पाहतो, आणि आयत्या वेळी माघार घेणारा कच खातो. करतो पण तोंड वाकडे करून, तो कुरकुरत करतो. दुसरा इलाजच नाही म्हणून करतो, तो नाइलाजाने करतो. स्वतःची इच्छा बाजूला सारून करतो, तो मन मारून करतो. यांतला एकही वाक्प्रचार दुसऱ्याच्या जागी चालत नाही. त्या डॉक्टरांच्या वाक्यात मी 'शस्त्रक्रिया करणे माझ्या जिवावर येते' असे लिहिले असते, तर घृणेचा आरोप गेला असता पण आळसाचा आला असता. तेथे 'मन धजावत नाही' किंवा 'मन घेत नाही' हेच हवे.

आढेवेढे घेणे हा आणखी एक प्रकार आहे आणि तो खास आपला आहे. गाणाऱ्याला गा म्हटले की तो घसा बसल्याचे सांगतो. पंगतीत जिलबी वाढायला आले की पानावर आडवा हात येतो. या नाखुशीत सभ्यता असते आणि दोन्ही बाजूंना ती ठाऊक असते. परंतु अनुवादात येथेही जपून राहावे लागते, कारण 'रिलक्टंट' माणूस आढेवेढे घेत असतोच असे नाही. ज्याला मनापासून नको आहे, त्याच्या 'नको'ला आपण 'आढेवेढे' म्हटले, तर त्याच्या मनाविरुद्ध आग्रह करायला आपणच मोकळे होतो.

शब्दांपलीकडे जाऊन मराठीने या भावनेची सोय क्रियापदाच्या रूपातच करून ठेवली आहे, आणि तिच्याकडे अनुवादकांचे फारसे लक्ष जात नाही याचे मला आश्चर्य वाटते. ज्याला मराठी व्याकरणकार शक्य क्रियापद म्हणतात ते हे रूप: जाववत नाही, सांगवत नाही, बघवत नाही, टाकवत नाही. वरवर पाहता हे रूप अशक्यता सांगते. पण 'मला टाकवत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा अंगात बळ नसते असे नाही, मन तयार नसते. आई गेल्यानंतर तिची एक इरकली साडी माझ्या कपाटात अकरा वर्षे आहे. काठ विरले आहेत, घडीवर फाटली आहे, गोधडीतही जाणार नाही. दर दिवाळीला आवराआवर करताना ती हातात घेते आणि परत ठेवते. 'आय अ‍ॅम लोथ टू थ्रो इट अवे' या सबंध इंग्रजी वाक्याला माझ्याकडे 'टाकवत नाही' एवढे एकच उत्तर आहे, आणि ते मला मूळ वाक्यापेक्षा भरीव वाटते. त्यात कर्ता 'मी' राहत नाही, 'मला' किंवा 'माझ्याने' होतो. म्हणजे मनाने हात धरून ठेवला आहे हे व्याकरणच सांगते.

अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांचाही येथे उल्लेख करायला हवा, कारण राजीखुशीच्या व्यवहाराचे शब्द आपण बहुतांशी तेथून घेतले. राजी, नाराज, रजा आणि राजीनामा हे एकाच कुळातले शब्द आहेत. रजा म्हणजे मुळात संमती, परवानगी. ती मिळाली की सुट्टी. नाराज म्हणजे मुळात जो राजी नाही तो, पण मराठीत तो रुसलेला झाला. म्हणून 'रिलक्टंट'साठी 'नाराज' हा शब्द आज चालत नाही, तरीही काही बातम्यांत तो दिसतो. राजीनामा म्हणजे मुळात संमतिपत्र. महसुलाच्या जुन्या व्यवहारात जमीन धारण करणारा राजीनामा देऊन जमीन सोडत असे आणि नवा धारक कबुलायत लिहून ती घेत असे. आपल्या मर्जीने सोडतो, हे त्या कागदात महत्त्वाचे असे. खरेदीखताच्या शेवटी 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले' असे आजही लिहितात. माझी भाची ते पत्र लिहीत होती तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि कागदाचे नाव मात्र राजीनामा. जाणे भाग आहे म्हणून राजी आणि जावेसे वाटत नाही म्हणून नाखूश, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. 'लोथ' आणि 'रिलक्टंट' हे शब्द नेमक्या याच अवस्थेसाठी आहेत.

शेजारच्या इतर शब्दांविषयी थोडक्यात. 'अव्हर्स' म्हणजे तोंड फिरवलेला. आपला 'विन्मुख' हा शब्द त्याच चित्रावर बेतलेला असल्यामुळे तेथे उत्तम बसतो. 'अ‍ॅडव्हर्स' म्हणजे प्रतिकूल. तो परिस्थितीला लावतात, माणसाच्या मनाला नव्हे. 'रेटिसंट' म्हणजे मितभाषी, मनातले सहसा न बोलणारा. अलीकडे इंग्रजीतच काही जण तो 'रिलक्टंट'च्या अर्थाने वापरू लागले आहेत, पण आपण ती सवय उचलण्याचे काही कारण नाही.

कोशांविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. इंग्रज कोशकार मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि थॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. कँडी यांच्या कामाचा मोठा काळ पुण्यात गेला. आपण आज वापरतो ती विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. त्या कोशाची पद्धत अशी की, एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द ठेवून तो थांबत नाही. अनेक पर्याय आणि वाक्प्रचार ओळीने देतो आणि निवडीचे काम लिहिणाऱ्यावर सोपवतो. आज भ्रमणध्वनीवर शब्द टाकला की 'अनिच्छुक' असे एकच उत्तर बहुधा समोर येते आणि आपण ते उचलून पुढे जातो. 'अनिच्छुक' हा शब्द चुकीचा नाही. पण मराठी माणूस घरात, बाजारात किंवा कचेरीत तो सहसा उच्चारत नाही, आणि त्यातून भीती, माया, भीड, थकवा यांपैकी काहीच कळत नाही.

म्हणून आपल्या संपादकीय विभागाला दोन विनंत्या आहेत. इंग्रजी मजकुरात 'रिलक्टंट' किंवा 'लोथ' आला, तर ती गोष्ट शेवटी झाली, झाली नाही की अजून व्हायची आहे, हे मूळ बातमीत पाहिल्याखेरीज 'नकार' हा शब्द मथळ्यात घालू नये. आणि त्या मुलाखतीतल्या वाक्याची दुरुस्ती येत्या रविवारच्या पुरवणीत, मूळ अनुवाद ज्या पानावर आला होता त्याच पानावर द्यावी. माझ्या समजुतीप्रमाणे ते वाक्य असे हवे: 'ऐंशी ओलांडलेल्या रुग्णाला दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यायला माझे मन धजावत नाही.' त्याच्या पुढचेच वाक्य, 'तरी कधी कधी घ्यावे लागते,' हे अनुवादात गाळले गेले आहे. तेही कृपया छापावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे